समोर कोण आहे, ते आधी सांगा

काडतूस तो कधी नुसतं उचलून द्यायचा नाही. अंगठा आणि दोन बोटांत धरायचा, कानाशी नेऊन हलकेच हलवायचा, मग काउंटरच्या काचेवर उभं करून ठेवायचा. पितळी बूड खाली. आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून विचारायचा, "आगे आदमी कौन है?"

गिऱ्हाईक हसायचं. "हरिण है आगे, रफीक. आदमी नहीं."

"हरिण का बाद में पूछता हूं. पहले आदमी का बोलो."

त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्याच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही, आणि विचारायला जायचं धाडस माझ्यात नाही. रफीक म्हणजे दोस्त, तिकडे आम्हा सगळ्यांनाच म्हणतात. दुकानात सगळे त्याला 'शिकारी' म्हणायचे. ते त्याला आवडत नसे, पण ओ द्यायचा. मीही चौथीपर्यंतच शिकलेला माणूस, लिहायचा सराव नाही. पण जे पाहिलं ते पाहिलं. त्यात कोणी काना-मात्रा शोधायला बसू नये.

कुवेतची लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. शारजात आमच्या अरबाबाचं, म्हणजे मालकाचं, शिकारीच्या सामानाचं दुकान होतं. बंदुका, काडतुसं, तंबू, ससाण्याच्या डोळ्यांवरच्या चामड्याच्या टोप्या. त्या मुलखात शिकारीला बंदी, म्हणून हौशी लोक विमानाने परदेशात जायचे आणि जाताना सामान आमच्याकडून परवान्यावर न्यायचे. गोदाम दुबईत रास अल खोरला होतं, ते माझ्या ताब्यात. रोज सकाळी गाडीतून माल आणायचा, दुकानाच्या फळ्या भरायच्या, हे माझं काम. काउंटर त्याचं. मला इंग्रजी अक्षर वाचता येत नाही, पण काडतुसांच्या खोक्यांवर चित्रं असतात. बदकाचं खोकं बदकाच्या फळीवर, सशाचं सशाच्या, हरणाचं हरणाच्या. नऊ वर्षांत एक खोकं चुकीच्या जागी गेलं असेल तर कोणी दाखवावं.

तो लांज्याच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. मी देवगडचा. तो आला त्या पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं, "हरणाची पेटी आली, बघून घे." त्याने खोकं उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "देवगडकर, चित्र छापखान्यातलं. हरीण रानातलं. आतलं बघत जा."

"माझी फळी मी लावतो. तू विक."

"तुम्ही दर्यावरची माणसं. बांगड्याला शिंगं असतात की नाही तेवढं सांग, बाकी मला ठेव."

असं आमचं चालायचं.

त्याचं शास्त्र साधं होतं. बारीक छर्रा पाखरासाठी. हरणावर मारला तर कातडीत रुततो, जनावर पळतं आणि तीन दिवसांनी कुठल्या तरी जाळीत किडे पडून मरतं. "तो शिकारी नव्हे, तो रोग," असं म्हणायचा. मोठ्या नऊ गोळ्यांचं काडतूस हरणाला चालतं, पण तीसेक पावलांच्या आत. त्याच्यापुढे गोळ्या फाकतात. एक हरणाला लागते, आठ कुठे जातात ते देवाला माहीत. एकाच मोठ्या गोळीचं काडतूस लांब जातं, पण ती एकच असते, तिचा हिशोब राहतो. रानात आपली माणसं असतील तर नऊ गोळ्या नकोतच. एकच गोळी, तीही हरणाच्या मागे डोंगराची माती दिसत असेल तर. "नाहीतर बंदूक खाली आणि घरी जाऊन डाळभात."

एकदा एक तरुण अरब आला. मोठी गाडी, अंगाला अत्तर. त्याला सगळ्यात जड काडतूस पाहिजे होतं. ह्याने तंबूच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याच्या हातात दिला. "पहले इस पर मारो. बंदूक को क्या हजम होता है, वो बंदूक बोलेगी." मॅनेजर कपाळाला हात लावून बसला. आम्हाला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. पण महिन्याभराने तो पोरगा खरंच पुठ्ठा घेऊन आला. जेमतेम पाण्याच्या बाटलीएवढ्या जागेत भोकंच भोकं, खूश होता. ह्याने चष्मा लावला आणि बोटाने भोकं मोजली.

"आठ हैं. नौवां किधर?"

"पता नहीं, हबीबी. गया कहीं."

"वही तो मैं पूछता हूं," हा म्हणाला, आणि एका गोळीचं खोकं काढून दिलं.

सगळं दुकान हसलं. मीही हसलो. नववी गोळी हा दुकानात विनोदच झाला. पगार उशिरा झाला की कोणीतरी म्हणायचं, नौवां किधर?

आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. शुक्रवारी दुपारी दुकान बंद, तेव्हा मटण व्हायचं. शिजवायचं कोणीही, वाढायचं मात्र त्यानेच. सगळी ताटं जमिनीवर ओळीने मांडायचा आणि तुकडा तुकडा मोजून टाकायचा. नळी कोणाला, चरबी कोणाला, तक्रारीला जागा नाही. वाढणं नाही, वाटे म्हणायचा. सहा माणसं आणि ताटं सात. सातव्यावर झाकण. जेवणं झाली की ते ताट तो मागच्या पाण्याच्या टाकीपाशी मांजरांना नेऊन घालायचा.

"कोणाचं रे हे भुताचं ताट?" मी विचारायचो.

"उरलेल्याचं."

"उरलाच नाही कोणी, तर उरलेल्याचं कसं?"

"जेव मुकाट्याने, देवगडकर. थंड होतंय."

आता तुम्हीही माणसं पाहिलेली आहेत. एखाद्याची एक खोड असते, आपण तिला हसतो, सवय होते, आणि कधी धड विचारत नाही. मीही सात वर्षं धड विचारलं नाही.

त्या दिवशी तो व्हिसाच्या रक्ततपासणीला गेला होता. मॅनेजरने मला काउंटरवर उभं केलं. म्हणाला, कागद मी बघतो, तू फक्त मागतील ते दे. दुपारच्या आधी एक उंच, पिकल्या दाढीचा अरब आला. बोलायला गोड. परदेशात हरणाच्या शिकारीला जायचं होतं, परवाना हातात. मी हरणाच्या फळीवरून हरणाचं खोकं काढलं. दहा काडतुसं.

"ये अच्छा है?"

"नंबर वन, बाबा."

तो आपणहून सांगत होता, आम्ही आठ जण आहोत. चौघं एका अंगाने रान हाकणार, चौघं समोरून बसणार. मी मान हलवली. मॅनेजरने कागद केले, त्याने खोकं घेतलं, गेला. मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. गोदामातला माणूस, पण काउंटर सांभाळलं.

संध्याकाळी हा आला, दंडाला कापूस चिकटलेला. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आज हरणाचं एक गिऱ्हाईक मी केलं."

"कुठलं खोकं?"

मी बोट दाखवलं. नऊ गोळ्यांचं होतं. चित्रात शिंगं वर करून हरीण उभं.

"समोर माणसं कोण होती? विचारलंस?"

"विचारायचं काय, त्यानेच सांगितलं. आठ जण. चार इकडून, चार तिकडून."

तो खाली बसला. स्टुलावर नाही, फरशीवर. मॅनेजर म्हणाला, बीपी असेल, पाणी द्या. पाणी त्याने घेतलं नाही. परवान्याच्या कागदावर अरबाच्या घरचा नंबर होता तो मागून घेतला, समोरच्या फोनच्या खोक्यात कार्ड घालून नंबर फिरवला. मी बाहेर उभा होतो. घरातली कामवाली बोलली, बाबा सफरला, विमानतळावर गेले. कधी येणार? इन्शाल्ला येतील, म्हणाली.

तिथेच, फोनच्या खोक्याला टेकून, त्याने मला सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हता.

गावच्या घरात एकनळी बंदूक होती, पिकाच्या राखणीचा परवाना. थोरल्या भावाने शहरातल्या दुकानातून काडतुसं आणली. दुकानदाराला म्हणाला, भेकरासाठी द्या. दुकानदाराने नऊ गोळ्यांची दिली. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गावाने रान हाकलं. हा वर जागा धरून बसलेला, भाऊ हाकणाऱ्यांत. भेकर घळीतून उडालं, ह्याने बार टाकला, पन्नास पावलांवर. भेकर पडलं. ओरडा झाला, माणसं खाली उतरली. गावाची रीत अशी की सगळे ओढ्यावर जमायचे आणि जितकी डोकी रानात गेली तितके वाटे सागाच्या पानांवर घालायचे. आलेली मोजायची नाहीत, गेलेली मोजायची. कुत्र्यांचासुद्धा वाटा. थट्टामस्करी चालली होती. ज्याने त्याने आपलं पान उचललं.

"एक पान उरलं," तो म्हणाला. "देवगडकर, तेव्हा कळलं. तोवर मी हात धुऊन विडी ओढत होतो."

भाऊ घळीच्या पलीकडच्या कडेला सापडला. एकच गोळी, गळ्यापाशी. बंदीतली शिकार, सगळं गाव अडकलं असतं. कड्यावरून पडला असं ठरलं. तेराव्याच्या जेवणाला वहिनीने सगळ्यांना वाढलं. ह्याच्या पानावरून तशीच पुढे गेली. तो उठला तो मुंबईला आला, तिथून इकडे. परत गेला नाही.

"त्या दुकानदाराने एवढंच विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "समोर माणूस कोण आहे. भावाने सांगितलं असतं, मीच आहे."

मी काय बोलायला पाहिजे होतं ते आज मला कळतं. तेव्हा मी म्हणालो, "खोक्यावर हरीण होतं. त्याने हरणासाठी मागितलं. माझी काय चूक?"

तो खोलीवर चालत गेला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर फळीवरची सगळी हरणाची खोकी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मी ती सरळ केली. माझी फळी होती. संध्याकाळी परत भिंतीकडे. सकाळी मी परत सरळ केली. असं किती दिवस चाललं म्हणाल? दीड महिना. दोघं एका खोलीत झोपायचो, एका नळावर दात घासायचो, शब्द नाही. बाकीचे चौघं म्हणायचे, तुम्ही दोघं नवरा-बायकोसारखे भांडता. कोणाला काही माहीत नव्हतं. त्याने सांगितलं नाही, मीही नाही.

फोन तो करतच राहिला. कधी कोणी उचलायचं नाही, कधी कामवाली म्हणायची, बाबा सफर. एकदा अरबाच्या घरातल्या मुलाने दुकानात तक्रार केली. मॅनेजर तावातावाने आला. "कस्टमर के घर फोन करता है? व्हिसा कॅन्सल करवाऊं? खलास! नंबर फाड दे." त्याने कागद मॅनेजरच्या समोर फाडला. नंबर पाठच होता त्याला, पण पुन्हा फोन केला नाही. त्याऐवजी दाराकडे बघायला लागला. दाराची घंटी वाजली की मान वर. पिकली दाढी दिसली की उभाच राहायचा. मग बसायचा.

आणि एक दिवस माझ्या ध्यानात आलं की तो विचारत नाही. गिऱ्हाईक आलं, हरणासाठी काय म्हणालं, ह्याने खोकं काढलं, काचेवर ठेवलं. हलवून पाहणं नाही, उभं करणं नाही. गिऱ्हाईक खोकं घेऊन गेलं.

मॅनेजर खूश. "अब ठीक बेचता है शिकारी. पहले पुलिस जैसा करता था."

मी मागे शिडीवर उभा होतो. दुपारी मी त्याला म्हटलं, दीड महिन्यानंतर पहिल्यांदा, "अरे, विचारलं नाहीस त्याला?"

"विचारून काय," तो म्हणाला. "मी रोज विचारलं. तपासणीला गेलो त्या एका दिवशी राहिलं. रानाला तेवढंच लागतं."

त्या दिवशी मी फळीवरची खोकी सरळ केली नाहीत. पण माफीही मागितली नाही. माझ्या तोंडातून ते येत नाही. माझ्या बापाच्याही येत नसे. मी आपली दुसरी वाट काढली. रमजान संपला तेव्हा एका सकाळी तो बँकेच्या कामाला गेला होता, आल्यावर मी सांगितलं, "तुझा अरब आला होता. पिकल्या दाढीचा."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"आला होता? कसा होता?"

"मजेत होता. दोन हरणं पडली म्हणाला."

"माणसं किती गेली होती?"

"आठ."

"परत किती आली?"

"आठ. मी विचारलं ना."

"वाटे कोणी केले?"

हे मला सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "केले असतील कोणीतरी. अरबांत काय रीत आहे मला काय ठाऊक."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदाच. मला वाटलं, मिटलं.

शुक्रवार आला. त्याने ताटं मांडली. मी मोजली. सातच होती. सातव्यावर झाकण घालताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं, माझ्या खांद्यावरचा हात विश्वासाचा नव्हता. मी खोटं बोलायची मेहनत घेतली, तिची ती मजुरी होती.

त्यानंतर तो आटत गेला. शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसायचा. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणायचा, रक्त तपासलंय, चांगलं आहे. मे महिना लागला, दुपारी रस्त्यावर पाय ठेववत नाही असं ऊन. अशा एका शुक्रवारी त्याने सात ताटं वाढली, हात धुतले आणि म्हणाला, "काडतुसाच्या कपाटाला कुलूप लावलं की नाही आठवत नाही. बघून येतो. तुम्ही जेवा."

"जेवून जा."

"वाटा ठेवलाय ना माझा. जाईल कुठे?"

आम्ही जेवलो. क्रिकेटवर बोललो. ताटं उचलायची वेळ आली, तेव्हा एक म्हणाला, "आज दोन उरली रे."

मी बघितलं. एक झाकलेलं, एक उघडं. उघड्यावरची चरबी थिजलेली.

मी चपला घातल्या की नाही ते आठवत नाही. दुकान दहा मिनिटांवर होतं. तो बंद शटरच्या पायरीवर बसला होता. पाठ भिंतीला, गुडघे वर, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान जराशी पुढे. रानात जागा धरून बसतात ना, तसा. कुलपाची किल्ली हातात. पायरीवर सावली होती, म्हणून चेहरा तसा थंडच वाटला मला. मी दोनदा हाक मारली. मग समोर वळून बघितलं, तो कुठे बघतोय ते. शुक्रवारची दुपार. सबंध रस्ता रिकामा. समोर कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

शव पाठवायला नऊ दिवस लागले. गावाहून वहिनीने पोहोचल्याचा निरोप धाडला, एवढंच.

उन्हाळा संपल्यावर मॅनेजरने मला काउंटरवर ठेवलं, दुसरा जुना माणूस नव्हता म्हणून. एका सकाळी घंटी वाजली. पिकली दाढी. तोच. हातमोजे पाहिजे होते ससाण्याचे. त्याने पिशवीतून एक खोकं काढून काचेवर ठेवलं. हरणाचं. कडेची चिकटपट्टी जशीच्या तशी.

"ये वापस लो, रफीक. विमानवालों ने डिब्बा जाने नहीं दिया. घर में पड़ा था."

"शिकार?"

"कहां शिकार. उधर दोस्त बीमार हुआ, जंगल में कोई नहीं गया. दुकान का वो दूसरा आदमी किधर है? घर में बोले, फोन करता था."

मी हातमोजे बांधून दिले. तो गेल्यावर चिकटपट्टी नखाने सोडवली आणि काडतुसं एकेक काढून काचेवर उभी केली, पितळी बूड खाली. दहा होती. परत मोजली. दहाच.

एक पोरगेलासा अरब आत येऊन माझ्याकडे बघत होता. त्याला हरणासाठी काहीतरी पाहिजे होतं. मी एक काडतूस कानाशी नेलं. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तो आत काय ऐकायचा ते विचारायचंही राहून गेलं.

"बोलो, रफीक," पोरगा घाईने म्हणाला. "यल्ला."

मी विचारलं त्याला, आधी माणसाचं.